सोय आणि सोबत

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर एका डॉक्टरला बोलावलं, याबद्दल आधी आभार मानते. मी आयुष्यभर जे लिहिलं ते केसपेपरवर लिहिलं, आणि माझं अक्षर औषधाच्या दुकानदाराखेरीज कुणालाही लागत नाही. पण निमंत्रण देताना सांगितलं गेलं की विषय तुम्हीच निवडा, फक्त तो तुम्ही जगलेला असावा. तेव्हा मी मैत्री हा विषय घेतला. ज्यांना आपल्याच व्यवसायात दाराबाहेर उभं राहावं लागलं, अशा डॉक्टरांची एकमेकांशी असलेली मैत्री. त्यात एक मैत्री इतिहासातली आहे, दुसरी माझी स्वतःची. पहिलीबद्दल मी अभिमानाने बोलेन. दुसरीबद्दल बोलताना तसं जमणार नाही.

सुरुवात जरा दुरून करते, स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहरापासून. तिथून आपल्याला मुंबईला आणि सुरतेला यायचं आहे.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या बाईने एडिनबरो विद्यापीठाकडे वैद्यकीच्या अभ्यासासाठी प्रवेश मागितला. एकट्या बाईसाठी व्यवस्था करता येणार नाही, असं उत्तर आलं. मग तिने आणखी बायका जमवल्या. त्यांत एडिथ पीची होती. वय चोवीस. पुढे त्यांची संख्या सात झाली, आणि आज त्या 'एडिनबरोच्या सातजणी' म्हणून ओळखल्या जातात.

विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, पण पुरुषांबरोबर बसायचं नाही. त्यांचे वर्ग वेगळे. वर्ग लहान म्हणून फी जास्त, आणि शिकवायला प्राध्यापक राजी करायचे तेही त्यांनीच. हे सगळं त्यांच्या सोयीसाठी. शरीरशास्त्र, रोग, प्रेतं असे नाजूक विषय पुरुषांसमोर कसे शिकायचे? म्हणून वेगळी सोय. हा 'सोय' शब्द कृपया लक्षात ठेवा. आजचं माझं सगळं बोलणं त्याच शब्दाभोवती आहे.

१८७० साली रसायनशास्त्राची परीक्षा झाली. पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पीची सर्वांत वर होती. त्या क्रमाला होप शिष्यवृत्ती मिळत असे. ती तिला मिळाली नाही. तिच्याखालच्या विद्यार्थ्याला दिली गेली. कारण काय दिलं? बायकांचा वर्ग वेगळा भरतो, त्यामुळे त्या मूळ वर्गाच्या विद्यार्थिनी नाहीत. म्हणजे आधी सोय म्हणून वेगळं बसवलं, आणि मग वेगळ्या बसता म्हणून हक्क नाही असं सांगितलं. यात आणखी एक गंमत आहे. ज्या प्राध्यापक होप यांच्या नावाची ती शिष्यवृत्ती, त्यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्यानं दिली होती आणि त्या व्याख्यानांच्या उत्पन्नातून ती शिष्यवृत्ती ठेवली होती. पैसा बायकांनी दिलेला, आणि बाई पहिली आली तर तिला मात्र नाही.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी या मुली सर्जन्स हॉलपाशी पोहोचल्या, तेव्हा जमावाने रस्ता अडवला, चिखल फेकला आणि त्यांच्या तोंडावर फाटक लावून घेतलं. आतून कुणीतरी दार उघडलं म्हणून त्या आत जाऊ शकल्या. परीक्षा चालू असताना हॉलमध्ये एक मेंढी सोडण्यात आली. चिखलाने भरलेल्या कपड्यांनी त्यांनी पेपर लिहिले. या दंगलीनंतर काही पुरुष विद्यार्थ्यांनी ठरवलं की या मुलींना एकट्या जाऊ द्यायचं नाही. ते काही दिवस त्यांच्या बरोबर चालत राहिले. त्यांनी भाषणं केल्याचं माझ्या वाचनात नाही. ते फक्त बरोबर चालले. हेही लक्षात असू द्या.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. १८७३ साली निकाल विरुद्ध गेला आणि विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. एडिथने १८७७ साली बर्नहून एम.डी. मिळवली आणि व्यवसायाचा परवाना आयर्लंडमधून घेतला. एडिनबरो विद्यापीठाने त्या सातजणींना मरणोत्तर मानद पदवी दिली ती २०१९ साली. दीडशे वर्षांनी. त्या दिवशी मंचावर जाऊन ती पदवी स्वीकारली आजच्या विद्यार्थिनींनी.

आता मुंबईला येऊ. इथे स्त्रियांना पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणं कठीण होतं, आणि स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हत्या. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. रुग्णालय स्त्री डॉक्टरांच्या हाती असावं, हा त्यामागचा विचार. १८८३ च्या अखेरीस एडिथ पीची त्यासाठी मुंबईत आली, आणि १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. सारख्या कामाला सारखा पगार हा तिचा आग्रह होता, आणि तो तिने मुंबईतही सोडला नाही.

ती आली तेव्हा मुंबईत एका खटल्याची चर्चा सुरू होत होती. रखमाबाई हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जन्म १८६४ चा. वडील लहानपणीच गेले. सुतार समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती, त्यामुळे आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. ते नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्या घरात रखमाबाईला पुस्तकं मिळाली आणि वैद्यकीची ओढ लागली. पण वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालेलं होतं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे जायला नकार दिला, आणि १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी हक्कासाठी दावा लावला.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. त्याआधी काहीच महिने सखाराम अर्जुन वारले होते. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. तिने कळवलं की कैद चालेल. लोकमान्यांचा 'केसरी'ही तिच्या विरोधात होता. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

पैसे दिले, खटला मिटला, आता मुलीने घरात शांत राहावं, असा सल्ला देणारे हितचिंतक अशा वेळी कमी नसतात. एडिथ पीचीने दुसरी वाट धरली. रखमाबाईला डॉक्टर व्हायचं होतं, तर तिने डॉक्टरच व्हावं, असं तिने धरून ठेवलं. त्यासाठी पैसे जमवायला मदत केली. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाली. ही शाळा १८७४ साली उभी केली होती सोफिया जेक्स-ब्लेकने आणि तिच्या सहकाऱ्यांनी, एडिनबरोने नाकारल्यानंतर. म्हणजे ज्या मुलींना एका दारावरून परत पाठवलं, त्यांनी दुसरं दार बांधलं, आणि त्या दारातून मुंबईची एक सुताराची मुलगी आत गेली. १८९४ साली तिने सनदेची परीक्षा दिली ती एडिनबरो आणि ग्लासगोच्या वैद्यक संस्थांची. ज्या शहरात एडिथवर चिखल उडाला होता, त्या शहराचं नाव रखमाबाईच्या सनदेवर आलं.

आनंदीबाई जोशींचं नाव आपण आधी घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आनंदीबाई पदवी घेऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांना काम करायला आयुष्यच मिळालं नाही. रखमाबाईने मात्र सुमारे पस्तीस वर्षं काम केलं, आधी सुरतेत आणि नंतर राजकोटला. महाराष्ट्राबाहेर राहून दुसऱ्यांच्या भाषेत रोग्यांची विचारपूस करणारी ही मराठी बाई, म्हणून ती मला आपल्या जास्त जवळची वाटते. सुरतेत बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायला घाबरत. त्यांची भीती जावी म्हणून तिने एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून तिथेच विऊ दिलं, अशी आठवण सांगितली जाते. पुढे सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेतलं पद तिला देऊ केलं गेलं. ते तिने घेतलं नाही. राजकोटला गेली. १९५५ साली, नव्वदाव्या वर्षी, ती वारली.

या मैत्रीत दोघी सारख्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. एडिनबरोत एडिथ फाटकाबाहेर होती. मुंबईत ती राज्यकर्त्यांच्या जातीची होती. तिचा शब्द गव्हर्नरापर्यंत पोहोचे, रखमाबाईचा कोर्टातसुद्धा नीट पोहोचत नव्हता. दोघींनी भेदभाव सोसला, म्हणून दोघींचं दुःख एक होतं, असं मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एडिथला स्वतःच्या अनुभवातून एक गोष्ट कळली होती. वेगळी सोय करून दिली की प्रश्न सुटत नाही, तो फक्त नजरेआड होतो. म्हणून तिने रखमाबाईची सोय केली नाही. तिला सोबत केली.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. तो मला माझ्या मैत्रिणीने शिकवला, आणि फार उशिरा शिकवला.

तिचं नाव मी घेणार नाही. तिने तशी अट घातली आहे. आम्ही १९७४ साली याच प्रांतातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो आणि वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी वाड्यातली. होळकरांच्या काळापासून आमचं घर इंदुरात. ती निमाडातल्या एका खेड्यातली. तिच्या समाजाची मुलगी डॉक्टर होण्याची त्या तालुक्यातली पहिलीच वेळ. घरी ती मराठीच बोलायची, पण ती निमाडीला लगडलेली मराठी. मी तिचे शब्द सुधारायची. 'असं नाही, असं म्हण.' मला वाटायचं मी मदत करते आहे. ती हसून ऐकून घ्यायची. आता वाटतं, त्या चार वर्षांत मी तिची मराठी जरा शिकले असते तर पुढे ओपीडीत माझंच काम सोपं झालं असतं.

माझीही एक सोय त्या काळात झाली. मला शल्यचिकित्सा घ्यायची होती. विभागातले वरिष्ठ प्रेमाने म्हणाले, 'बाळ, रात्री-अपरात्री उभं राहावं लागतं. स्त्रीरोग घे, तुझ्या सोयीचं आहे.' मी घेतलं. मैत्रीण म्हणाली होती, 'तुला हवं ते माग तर खरं, नाही म्हणतील तर म्हणू देत.' मी मागितलंच नाही. स्त्रीरोग आणि प्रसूतीवर माझं पुढे प्रेम बसलं, तक्रार नाही. पण सोयीच्या नावाखाली दार कसं लावतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शिक्षण संपलं आणि काही वर्षांनी, १९८० नंतर, योगायोगाने आम्ही दोघी एकाच सरकारी रुग्णालयात आलो. छोटं गाव, बायकांचा एक वॉर्ड, आम्ही दोघीच डॉक्टर. एक रात्र तिची, एक माझी. वॉर्डाच्या दारावर पाटी असायची. आज रात्रपाळीवर डॉक्टर कोण, ते खडूने लिहिलेलं. नाव आणि आडनाव.

लोक पाटी वाचायचे. ज्यांना वाचता येत नसे ते विचारून घ्यायचे. मग एखादा म्हातारा सिस्टरकडे जाऊन हळूच म्हणायचा, 'दूसरी मैडम नहीं हैं क्या?' सिस्टर माझ्या क्वार्टरवर निरोप पाठवायची. मी चप्पल घालून जायची आणि बाळंतपण करून परत यायची. कुणी काही बोलायचं नाही. लोक खूश, सिस्टर खूश, वरिष्ठ तर फारच खूश, कारण तक्रार नाही. आणि मीही खूश, कारण मला वाटायचं की मी मैत्रिणीला अपमानापासून वाचवते आहे. तिला रात्री दार बंद करून झोपू देते आहे. दोन वर्षांत असं दहा-बारा वेळा झालं असेल. तिने मला एकदाही बोलावलं नव्हतं, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नाही.

तिची आजी सुईण होती. आजूबाजूच्या चार गावांत आजीने बाळंतपणं केली होती, वरच्या घरांत जास्त. हे आपल्याकडे नवीन नाही. कित्येक गावांत दाईचं काम ज्यांना शिवत नसत अशाच समाजातल्या बायका करत आल्या. मी तिला एकदा विचारलं, 'आजीचे हात चालले, तुझे का चालत नाहीत?' ती म्हणाली, 'आजीला मागच्या दाराने आणता यायचं. काम झालं की नाळ-वार पुरायला तिलाच द्यायची, सूप भरून धान्य द्यायचं आणि वाटेला लावायचं. मला डॉक्टरसाहेब म्हणावं लागतं, खुर्ची द्यावी लागते. हातांचं काही नाही गं. खुर्चीचं आहे.'

मग ती रात्र आली. मी मुलाच्या आजारपणासाठी इंदूरला आले होते आणि संध्याकाळच्या बसने परतणार होते. रात्री नऊच्या सुमारास एका खेड्यातून जीप आली. बाई घरीच बाळंत झाली होती, बाळ ठीक होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मैत्रीण पाळीवर होती. तिने सलाइन लावलं, रक्ताची सोय करायला माणूस पाठवला आणि वार हाताने काढावी लागेल असं नातेवाइकांना सांगितलं. सासूने हात धरला. बड़ी मैडम आल्यावर बघू. बड़ी मैडम म्हणजे मी. माझ्यापेक्षा ती एका महिन्याने मोठी आहे.

तिने सगळं समजावलं. दर दहा मिनिटांनी नाडी बघून पुन्हा समजावलं. ते म्हणत राहिले, मैडम येतात, आम्हाला ठाऊक आहे, निरोप पाठवला की येतात. बस वाटेत रखडली होती. दीड तास गेला. शेवटी ती बाईच, जी इतका वेळ डोळे मिटून पडली होती, सासूला म्हणाली, 'जो हैं, इन्हीं को करने दो.' तेवढ्या चार शब्दांवर मैत्रिणीने दार लावून घेतलं आणि काम केलं. दोन बाटल्या रक्त लागलं. बाई वाचली.

मी पोहोचले तेव्हा ती हात धूत होती. मी म्हटलं, 'अगं, मी असते तर...' तिने नळ बंद केला आणि म्हणाली, 'तू असतेस म्हणूनच हे झालं. घरी बाळंतपण कुणी केलं, विचार त्यांना. गावच्या दाईने. ती कुठल्या घरची, हे साऱ्या जीपला ठाऊक आहे. आणि इथे ते दीड तास थांबले, कारण दोन वर्षांत त्यांना कळलंय की थांबलं की तू येतेस. तुला वाटतं तू माझी बाजू घेतलीस. तू त्यांची सोय केलीस.'

मित्रहो, मी निरुत्तर झाले. मला रागही आला, हे खरं सांगते. दोन वर्षं झोपमोड केली ती कुणासाठी, असं मनात आलं. बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या दोन वर्षांत मी एकदाही नातेवाइकांना विचारलं नव्हतं, दुसरी मैडम कशाला हवी? तो प्रश्न विचारला असता तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. ते उत्तर मोठ्याने उच्चारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, म्हणून मी धावत होते.

पुढच्या वेळी निरोप आला तेव्हाही मी गेले. पण वॉर्डाच्या दाराशी थांबले आणि म्हटलं, 'आज डॉक्टर यही हैं। मैं इनकी मदद के लिए अंदर जा रही हूँ।' आणि आत जाऊन खरोखर मदतनीस म्हणून उभी राहिले. कात्री दिली, दिवा धरला. ते कुटुंब थांबलं. त्यानंतरचं एक कुटुंब थांबलं नाही, बैलगाडीतून रोग्याला घेऊन निघून गेलं. त्या बाईचं पुढे काय झालं हे मला आजही माहीत नाही, आणि ते ओझं आहेच. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, 'आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं ना?' मी म्हटलं, 'कुणाचं?' त्यानंतर गोपनीय अहवालात माझ्या स्वभावाबद्दल एक ओळ आली. मैत्रिणीच्या अहवालात तशा ओळी पहिल्या वर्षापासून होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

वर्षभरात निरोप कमी झाले. बंद झाले नाहीत. आम्ही तिथे होतो तोवर पूर्ण बंद कधीच झाले नाहीत.

हे जुनं झालं, आता असं राहिलं नाही, असं म्हणणारे इथेही असतील. त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. २००६ साली केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विषय होता दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतला जातीय भेदभाव. २००७ साली अहवाल आला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहात छळ सोसत विशिष्ट मजल्यांकडे ढकलले जातात, असं त्या समितीला आढळलं. पुन्हा तेच : वेगळं बसा. दुसरी गोष्ट २०१९ ची. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली. खटला न्यायालयात आहे, म्हणून आरोपांबद्दल मी बोलणार नाही. पण ती बातमी वाचली त्या रात्री मैत्रिणीचा फोन आला होता. ती एवढंच म्हणाली, 'तिच्या खोलीत कोण राहत होतं गं?'

हा प्रश्न मी आज आपल्यासमोर ठेवते. आपण आकडे विचारतो, कायदा विचारतो, आणि ते विचारलंच पाहिजे. पण शेजारच्या पलंगावर कोण झोपत होतं, शेजारच्या टेबलावर कोण बसत होतं, रात्रपाळीच्या पाटीवर दुसरं नाव कुणाचं होतं, हेही विचारायला हवं. बहुतेक वेळा तिथे कुणी दुष्ट माणूस नसतो. माझ्यासारखं कुणीतरी असतं. चांगल्या घरचं, चांगल्या मनाचं, चप्पल घालून धावत जाणारं.

इथे शिक्षक आहेत. वर्गातल्या एखाद्या मुलीला आपण 'तुझ्या सोयीचं' म्हणून काही सुचवतो, तेव्हा ती सोय नक्की कुणाची, हे एकदा तपासून पाहा. इथे लेखक आहेत. डॉक्टरांवर आपण बरंच लिहितो, बहुधा देवमाणूस म्हणून, अलीकडे व्यापारी म्हणूनही. पण वॉर्डातली सिस्टर, आया, सुईण यांच्या तोंडून दवाखाना कसा दिसतो, ते लिहा. आमच्या सिस्टरने दोन वर्षं माझ्याकडे निरोप पाठवले, तेव्हा तिच्या मनात काय होतं? तिचंही आडनाव होतंच. मी तिलाही कधी विचारलं नाही. आणि विद्यार्थ्यांना सांगते, मैत्रिणीची भाषा सुधारण्याआधी ती शिकून घ्या.

या भाषणाची तयारी करताना मी मैत्रिणीला फोन केला. ती आता निवृत्त होऊन निमाडातच राहते. सकाळी दोन तास मोफत दवाखाना चालवते. पाटीवर पूर्ण नाव लिहिलेलं असतं, मोठ्या अक्षरांत. तिला रखमाबाई आणि एडिथची गोष्ट सांगितली. तिला ती शेळीची आठवण फार आवडली. मग मी विचारलं, 'आपल्याबद्दल बोलू का?' ती म्हणाली, 'बोल. माझं नाव नको, मला इथे अजून दवाखाना चालवायचा आहे. आणि हे बघ, स्वतःला फार दोष देत बसू नकोस. नाहीतर तिथेही लोक तुझंच ऐकत बसतील, आणि ती बाई जी म्हणाली इन्हीं को करने दो, ती राहूनच जाईल.'

तेव्हा तिचीच आठवण काढून थांबते. ती आज असेल तर सत्तरीच्या घरात असेल. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. दारावरची पाटी तिने वाचली नव्हती, आणि कुणी वाचून दाखवली असली तरी त्या घटकेला तिला ती नको होती. तिने समोर उभ्या असलेल्या डॉक्टरकडे पाहिलं आणि सासूला चार शब्द सांगितले. आम्ही दोघी इतकं शिकून जे एकमेकींसाठी करायला धडपडत होतो, ते तिने तेवढ्यात केलं.